सातवा रकाना

२ एप्रिल

आत्या,

हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवते आहे. तुमच्या खोऱ्यात फोन लागत नाही, आणि लागला तरी तू तो दूध काढायच्या यंत्राशेजारी उभी राहून उचलतेस. मला नुसती घरघर ऐकू येते. तेव्हा पत्रच बरं.

बातमी अशी की तुझी भाची आता तुमच्या ओढ्याची सरकारी माणूस झाली आहे. झऱ्यापासून तळ्यापर्यंतचा सगळा ओढा माझ्याकडे दिलाय. नमुने घ्यायचे, तपासायचे, फॉर्म भरायचे.

तुला आठवत असेल, आठ वर्षांपूर्वी आमच्या खात्याने कापड रंगवण्याच्या कारखान्याचा पाइप बंद केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तरी तळं हिरवंच राहिलं. जिथे तू मला मानगुटीला धरून पोहायला शिकवलंस, तिथे आता पाटी आहे: 'पाण्यात उतरू नये.' शहर तेच पाणी गाळून, औषध टाकून पितं.

कारण आता घाण पाइपातून येत नाही. पाऊस पडला की तो शेतातलं खत, अंगणातलं शेण, रस्त्यावरचं तेल असं थोडं थोडं उचलतो आणि ओढ्यात आणून टाकतो. पाइपाला टाळं ठोकता येतं, पावसाला कसं ठोकणार? म्हणून सरकारने 'ओढाकाठ योजना' काढली आहे. दोन्ही काठांना दहा पावलं गवत सोडायचं, शेणखताचा खड्डा झाकायचा, पावसाचा अंदाज असला की खत टाकायचं नाही. मदत मिळते, सक्ती नाही.

पण आमच्या फॉर्मला सातवा रकाना आहे: 'प्रदूषणाचा उगम.' गेली सहा वर्षं प्रत्येकाने तिथे एकच शब्द लिहिलाय, 'विखुरलेला'. साहेब म्हणतात, "विखुरलेलं गोळा करत बसायला आपण काय भंगारवाले आहोत?" नोव्हेंबरात समिती बसणार आहे. तोवर त्या रकान्यात दुसरं काही आलं नाही तर योजना गुंडाळायची, शहराला दुसरीकडून पाणी आणायचं आणि आपल्या तळ्याचं डबकं होऊ द्यायचं, असं घाटतंय. मी ते होऊ देणार नाही.

तू तिथल्या लोकांशी बोल. तुझं ऐकतात. मी दर मंगळवारी अकरा वाजता नमुन्यांसाठी येईन. चहा टाकून ठेव.

तुझी
भोंगा


१० एप्रिल

भोंग्या,

पत्र मिळालं. गाडीवाल्याने वाचलं नाही, फक्त पाकीट उन्हाला धरून पाहिलं. त्यानेच सांगितलं.

तू सरकारी झालीस, आनंद आहे. लहानपणी तुझा भोंगा तीन घरांपलीकडे ऐकू जायचा, तेव्हाच मी म्हटलं होतं, ही मोठेपणी लोकांना नोटिसा देणार.

बोलले लोकांशी. दूध घालायला सगळे ओट्यावर जमतात, तिथेच विषय काढला. मास्तर म्हणाले, "सगळ्यात वर फुलवाल्याची काचघरं आहेत. तो पाण्यातून खत देतो. त्याला विचारा." फुलवाला म्हणाला, "माझं थेंबाथेंबाने मोजून असतं. रिटायर झाल्यापासून मास्तरच बागेत खत ओतत असतात." मी म्हटलं, "तुम्हा दोघांचंही माझ्या दारावरून वाहत जातं, मी बापडी काय सांगू?" आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशातली गत. तासभर भांडून सगळे खुशीत घरी गेले.

आता एक विचारते, राग मानू नकोस. मंगळवारी अकराला ओढा कसा असतो ठाऊक आहे का? तळाचे दगड मोजून घ्यावेत इतका नितळ. पाऊस पडतो तेव्हा तुमचं खातं कुठे असतं? पाऊस संपून दोन दिवसांनी तुम्ही बाटल्या घेऊन येता. वरातीमागून घोडं! जी काय घाण जायची ती पहिल्या अर्ध्या तासात जाते. चाळीस वर्षं बघते आहे मी.

चहा टाकीन. पण तुला तो पावसात प्यायला यावं लागेल.

आत्या


१६ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले आणि मग नोंदवही काढली. दहा वर्षांतले नमुने मोजले. चारशे बारा. त्यातले पाऊस पडत असताना घेतलेले किती, सांग पाहू? तीन. तेही जीप बंद पडली म्हणून माणूस ओढ्याकाठी अडकला होता.

कारण विचारलं. पूर्वी एकदा पावसात खात्याची जीप घसरली होती, तेव्हापासून नियम आहे: पावसात वाहन बाहेर काढू नये. म्हणजे पावसाने येणारी घाण शोधायला आम्ही फक्त उन्हात जातो. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "नियम काय मी केलाय?"

मी ठरवलंय, जीप येत नसेल तर बाटल्या तरी येतील. गाडीवाल्याबरोबर खोकं पाठवते आहे. चार जागा: पहिली बाटली फुलवाल्याच्या काचघरांखाली, दुसरी मास्तरांच्या बागेखाली, तिसरी तुझ्या गोठ्याखाली, चौथी पुलाजवळ, तळ्यात पाणी शिरतं तिथे. पाऊस सुरू झाला की पहिल्या अर्ध्या तासात भरायच्या. पुलाजवळची मी भरीन, ऑफिस तिथेच आहे. तुझ्याकडे तीन. नंबर बाटलीवर आहेत, वेळ तू लिही.

आम्ही पाण्यात स्फुरद मोजतो. पिकाला जे खत लागतं तेच. ते तळ्यात गेलं की शेवाळाचं फावतं. अगदी चिमूटभराने आकडा बदलतो, म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेव: बाटली स्वच्छच हवी. त्यात हयगय झाली तर सगळं मुसळ केरात.

तुझी
भोंगा


५ मे

भोंग्या,

सोमवारी दुपारी तीनला आभाळ भरून आलं. मी गायी अर्ध्या पिळून सोडल्या, रेनकोट चढवला आणि निघाले. मास्तर छत्री घेऊन मागे. ती छत्री त्यांच्याच डोक्यावर होती, मी आपली भिजतच होते.

काचघरांखाली उतरताना पाय घसरला आणि मी बसल्या बसल्या थेट ओढ्यापर्यंत गेले. मास्तर वरून ओरडले, "बाई, बाटली सांभाळा!" माझं कंबरडं गेलं तरी चालेल, पण सरकारी बाटली फुटता कामा नये! बाटली फुटली नाही. भरली. मग दुसरी, मग तिसरी. सव्वीस मिनिटांत तिन्ही झाल्या. बासष्टाव्या वर्षी एवढं धावले, तुझ्या खात्यातल्या एकाला तरी जमेल का विचार.

खोक्यावर रस्त्याची धूळ होती, पण तू काळजी करू नकोस. बाटल्या अशा लखलखीत करून भरल्यात की तुझ्या साहेबांनी त्यात तोंड बघून भांग पाडावा.

काय निघतं ते कळव. इथे सगळे विचारतात.

आत्या


१४ मे

आत्या, आत्या, आत्या!

आकडे आले. प्रयोगशाळेतली बाई म्हणाली, यंत्र बिघडलं की काय म्हणून तिने दोनदा तपासलं. मंगळवारच्या नमुन्यांच्या चाळीसपट! आणि सगळ्यात जास्त पहिल्या बाटलीत, काचघरांखाली. खाली येता येता कमी होत जातंय. म्हणजे उगम वरच आहे. फुलवाला "मोजून-मापून" म्हणत होता ना? तिथेच पाणी मुरतंय.

सहा वर्षांत पहिल्यांदा मी सातव्या रकान्यात दुसरं काही लिहिलं: 'फुलांची काचघरं.' साहेबांनी सही करायला कधी नव्हे ती घाई केली. खताचं पाणी ताबडतोब थांबवा, अशी नोटीस आजच निघाली.

तू नसतीस तर हे झालं नसतं.

भोंगा


२५ मे

चि. भाचीस,

फुलवाला काल माझ्याकडे आला. हातात तुमची नोटीस. बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, "वहिनी, तुम्ही भरलेल्या बाटल्या होत्या ना?" मी हो म्हटलं. "मग मला आधी सांगायचं होतं," म्हणाला आणि गेला.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. तुझे काका गेले त्या वर्षी या माणसाने तीन महिने पहाटे येऊन माझ्या गायी पिळल्या. आता त्याचं खताचं पाणी बंद, कळ्या माना टाकताहेत. माझ्या हातांनी तू त्याचा गळा कापलास, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस.

तो माणूस काचघरांना लागून असलेल्या झऱ्याचं पाणी पितो. स्वतः पितो, नातवंडांना पाजतो. तिथे तो विष कालवेल? तुझ्या आकड्यांत काहीतरी घोळ आहे. आणि घोळ माझ्याकडून झाला म्हणशील तर तसं मुळीच नाही. बाटली स्वच्छच हवी म्हणालीस ना? दुधाचे कॅन धुवायची पावडर आहे, त्या पावडरीने मी प्रत्येक बाटली आतून दोनदा घासली. पहिलीला तर तीनदा, तिच्यावर डाग होता. चाळीस वर्षांत माझं दूध एकदाही परत आलेलं नाही. माझ्या कामात खोट काढायला जागा नाही.

आत्या


२८ मे

आत्या,

पावडरीचा डबा फिरव आणि मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाच. दुसऱ्या ओळीत 'फॉस्फेट' असेल. फॉस्फेट म्हणजे स्फुरदच. आम्ही मोजतो ते हेच.

ओढ्यातलं नाही, आपण तुझी पावडर मोजली. पहिली बाटली तीनदा घासलीस म्हणून तिच्यात सगळ्यात जास्त.

चूक तुझी नाही. बाटल्या प्रयोगशाळेतून धुऊनच आल्या होत्या, मी 'हात लावू नकोस' असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं 'स्वच्छ'. दूधवालीला स्वच्छ म्हटल्यावर ती काय करणार? आणि तू 'लखलखीत' लिहिलंस तेव्हा मी हसून पुढे गेले. झऱ्यावरच्या निर्मळ पाण्याची एक बाटली घेतली असती तरी लगेच उघड झालं असतं. मला हवा तो आकडा मिळाला आणि मी डोळे मिटले. दुसऱ्याच्या घरावर नोटीस लावण्याआधी मी पुन्हा एकदा मोजायला हवं होतं. लाज वाटते आहे.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "गेलेली नोटीस गेली. गुपचूप नवे नमुने घे, बोभाटा कशाला?" मी नोटीस मागे घेण्याचं पत्र लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सही होईपर्यंत समोर उभी राहिले. चाळीस मिनिटं. सही झाली. त्याबरोबर मला एक मेमोही मिळाला, आणि ऑफिसात आमच्या योजनेला 'साबण योजना' म्हणायला लागलेत. म्हणू देत.

रविवारी येते आहे. फुलवाल्याच्या दारात जाऊन माफी मागणार आहे. तू बरोबर येऊ नकोस, मला एकटीला जायचंय.

भोंगा


६ जून

भोंग्या,

तू गेल्यावर फुलवाला ओट्यावर आला. मला वाटलं, आता चारचौघांत आमची लक्तरं धुणार. तर म्हणाला, "सरकारी माणूस 'चुकलो' म्हणून सांगायला घरी आलेला मी पहिल्यांदा पाहिला. माझ्या पायरीवर बसून रडली पण तोंड फिरवलं नाही. तिला म्हणावं, बाटल्या पाठव. या खेपेला मी भरतो."

त्यावरून पुन्हा जुंपली. फुलवाल्याने स्वतःखालची बाटली भरली तर मास्तरांना भरवसा नाही, मास्तरांनी भरली तर फुलवाल्याला नाही. शेवटी मी तोडगा काढला: आपल्या दाराखालची बाटली आपण भरायची नाही. फुलवाल्याची मास्तर भरतील, मास्तरांची मी भरीन आणि माझी फुलवाला. तुझ्या त्या झऱ्यावरच्या शून्य नंबरच्या बाटलीला सगळे मिळून जातील. आणि पावडरीचा डबा मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलाय, शिडीशिवाय हात पोचत नाही.

माझा पाय अजून दुखतो. गायी बऱ्या आहेत. परवा पाऊस झाला, अंगण आपसूक धुऊन निघालं, तेवढंच एक काम वाचलं.

रडलीस ते मला सांगितलं नाहीस.

आत्या


२० जुलै

आत्या,

तीन पावसांचे नमुने तपासून झाले. आठ दिवस आकडे टेबलावर पडून आहेत आणि मी तुला लिहायचं टाळते आहे. आता लिहितेच.

झऱ्यावर काही नाही. काचघरांखाली थोडं. मास्तरांच्या बागेखाली त्याहून बरंच जास्त, खरोखर ओततात ते. आणि तिसरीत एकदम उडी. तिन्ही पावसांत, तिन्ही वेळा. वरच्या दोन्हींची बेरीज केली तरी निम्मीही होत नाही. पुलाजवळ तर ओढा रुंद होतो, पाणी वाढतं, तिथे आकडा उतरायला हवा. तो उलट आणखी चढतो. ते कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पण तिसरी बाटली तुझ्या गोठ्याखालची आहे.

तू लिहिलं होतंस, अंगण आपसूक धुऊन निघालं. ते वाक्य मी पुन्हा काढून वाचलं. अठ्ठावीस गायींचं अंगण, आत्या. ते धुऊन कुठे जातं?

सातवा रकाना मी कोरा ठेवलाय. साहेब रोज विचारतात. 'विखुरलेला' लिहिलं तर कुणाचंच काही बिघडणार नाही, फक्त योजना जाईल आणि तळं जाईल. एकदा माझी लेखणी तिथपर्यंत गेलीही होती. फुलवाल्याचं नाव मी दोन मिनिटांत लिहिलं आणि तुझं मला लिहिता येत नाही, याचा मला राग येतो आहे. तू सांग.

तुझीच
भोंगा


२१ ऑगस्ट

आत्या,

महिना झाला. गाडीवाला म्हणतो, तू कॅन चढवतेस आणि एक शब्द न बोलता आत जातेस. गोठ्यामागे ठोकाठोक चालू असते, पण तू कुणाला तिकडे येऊ देत नाहीस म्हणे.

रागावली असशील तर रागाव, पण पत्र लिहून रागाव. समितीची तारीख नक्की झाली, १४ नोव्हेंबर. माझं मत बदललेलं नाही. तू लिहिलं नाहीस तर तो रकाना मी भरीन आणि खरं ते भरीन. त्यानंतर तू मला चहा दिला नाहीस तरी मी तुझ्या दारात येऊन बसणार आहे.

भोंगा


१२ सप्टेंबर

भोंग्या,

हातात हातोडी असताना लेखणी धरता येत नाही, म्हणून उशीर.

रागावले होते, नाही असं नाही. तुझ्यावर चार दिवस. मग माझ्यावर.

तुला खरं सांगते. मला ठाऊक होतं. आकडे तुमच्याकडे असतात, मला नाक आहे. मे महिन्यात तिसरी बाटली भरली तेव्हाच वास आला होता. आभाळ भरून आलं की फावडं घ्यायचं, अंगणातलं सगळं उताराला ओढायचं आणि उरलेलं पावसावर सोडायचं. माझ्या सासऱ्यांनी हेच केलं, मी चाळीस वर्षं हेच केलं. त्याला आम्ही 'अंगण साफ करणं' म्हणतो. माझ्या अंगणाइतकं स्वच्छ अंगण या खोऱ्यात नाही, हा माझा तोरा. माझी घाण कुठे जाते हे विचारायला मला तुझ्या बाटलीची गरज नव्हती. मी विचारलं नाही, एवढंच.

फुलवाल्याच्या दारावर नोटीस लागली तेव्हा मी तुला फाडफाड बोलले. त्या दिवशीही मला माझं अंगण आठवत होतं. चोराच्या मनात चांदणं.

आता ऐक काय केलं ते. गोठ्याच्या छपराला पन्हळ लावली, म्हणजे वरचं चांगलं पाणी अंगणातून न वाहता बाजूने निघून जातं. निम्मी घाण तर त्यानेच थांबली, आणि हे माझ्या डोक्यात चाळीस वर्षांत आलं नाही. शेणाचा खड्डा ओढ्यापासून वर नेला, तळ पक्का केला, पत्रे टाकले. तुमच्या योजनेची मदत आली, पण तिच्यात अर्धेच पत्रे बसले. उरलेले फुलवाल्याने जुन्या काचघराचे काढून दिले. ओढ्याकाठची दहा पावलं सोडली. तिथला चारा सगळ्यात गोड होता, गायी अजून त्या बाजूला बघून हंबरतात. दहाची मी बारा केली. माझं पाऊल लहान आहे, उगाच तुझ्या साहेबांनी मोजत बसायला नको.

आता तुझा फॉर्म पाठव. कोरा. सातवा रकाना मी भरणार आहे, माझ्या हाताने आणि माझ्या सहीने. तुला माझं नाव लिहिता येत नव्हतं ना? मग ते तुझं कामच नव्हे.

आणि पुलाजवळचं तुझं कोडं. गाडीवाला रोज पुलावरून जातो. तो काय म्हणतो ते लिहीत नाही. मंगळवारी नमुने घेऊन परत आलीस की ऑफिसच्या मागे जा आणि जरा वाकून बघ. दिव्याखाली काय असतं ते तुला लहानपणी शिकवलंय मी.

आत्या


१७ नोव्हेंबर

आत्या,

चौदाला समिती झाली. तुला सगळं सांगते, जेवायच्या आधी बसून लिहिते आहे.

लांब टेबल, सात माणसं, प्रत्येकासमोर पाण्याची बंद बाटली. तळ्याचं पाणी कुणीच पीत नव्हतं. साहेबांनी आमचा विषय तीन मिनिटांत उरकायला घेतला. मी फॉर्म पुढे सरकवला. अध्यक्ष बाईंनी चष्मा लावला आणि सातवा रकाना मोठ्याने वाचला.

"माझा गोठा. चाळीस वर्षं. ऑगस्टपासून बंद."

त्याखाली मास्तरांचं वळणदार अक्षर: "माझी बाग. पसाभर सांगितलं तिथे पाटीभर टाकलं. अति तेथे माती." त्याखाली फुलवाला: "माझी काचघरं. थोडं, पण माझंच." मग रकाना संपला म्हणून तुम्ही शिवलेला जादा कागद, आणि त्यावर आणखी एकोणीस सह्या. हे तू मला सांगितलं नव्हतंस. कागद जाड दोऱ्याने शिवलाय, तो पोतं शिवायचा दोरा आहे ना?

साहेब म्हणाले, "मॅडम, हा रकाना खात्याने भरायचा असतो. लोकांनी भरलेला ग्राह्य धरता येणार नाही." मला वाटलं, घोडं इथेच पेंड खाणार.

मग मी म्हटलं, "खात्यानेही भरलाय. शेवटची ओळ वाचा."

बाईंनी पान उलटलं. ती ओळ माझ्या अक्षरात होती: "आमच्या ऑफिसची गाड्या धुण्याची जागा. दर मंगळवारी, नमुने घेऊन आल्यावर."

तुझं पत्र आलं त्याच मंगळवारी मी मागे जाऊन वाकून पाहिलं होतं. आम्ही ओढ्याचं पाणी तपासायला जातो, जीप चिखलाने भरते, परत आलो की ती साबणाने धुतात आणि सगळा फेस पन्हळीतून थेट ओढ्यात. फरशीवर उरतो तो पुढचा पाऊस नेतो. पुलाच्या वरच्या अंगाला, वीस पावलांवर. या ऑफिसात आल्यापासून मी त्याच फेसावरून उडी मारून आत शिरते आहे. ती ओळ मी साहेबांना न दाखवता लिहिली. दाखवली असती तर बैठकीपर्यंत पोचली नसती.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "नियमात गाडी धुवायची जागा ठरवून दिलेली नाही." आणि मग, आत्या, माझा विश्वास बसेना, ते हळूच म्हणाले, "पण ओळ खरी आहे." सही केली त्यांनी खाली.

योजना राहिली. दोन वर्षांची मुदत, आणि आता पलीकडच्या खोऱ्यातसुद्धा. जीपला पावसात अजूनही बंदी आहे. पण बाटल्या तिथल्या लोकांनीच भरायच्या, शेजाऱ्याची शेजाऱ्याने, असं आदेशात आलंय. तुझा तोडगा सरकारी भाषेत इतका जड झालाय की तुलासुद्धा ओळखू येणार नाही.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षांचं स्फुरद साचलंय. आज वरून सगळं थांबलं तरी पाणी निवळायला सहा-सात वर्षं लागतील. पाटी तोवर तिथेच राहणार. मी रोज तिच्यावरून जाते.

तुझी
भोंगा


९ डिसेंबर

भोंग्या,

तुझं पत्र मी ओट्यावर मोठ्याने वाचलं. फेसाची ओळ तीनदा वाचायला लावली सगळ्यांनी. साहेबांनी सही केली तिथे मास्तर म्हणाले, "त्यांना चहाला बोलवा." बोलावते आहे. कोरड्या दिवशी बोलावते, त्यांची जीप येऊ शकेल म्हणून.

दोरा पोत्याचाच होता. सह्या मी घरोघर फिरून घेतल्या. कुणाला हात जोडले, कुणाला लाजवलं, एकाला तर दूध बंद करीन म्हणून दम दिला. ते तुझ्या समितीला सांगू नकोस.

सात वर्षं म्हणतेस. म्हणजे मी एकोणसत्तर. होऊ दे. पाण्यात वयाचं वजन लागत नाही. पोहायचा पोशाख ट्रंकेतून काढून उन्हात टाकलाय, कसर लागली होती. तूही तुझा शोध. या खेपेला मानगुटीला तू मला धरायचं आहेस.

काल दुपारी पाऊस झाला. मी फावड्याला हात लावला नाही. मास्तर, फुलवाला आणि मी, तिघंही अर्ध्या तासात भरून मोकळे झालो. तिसरी फुलवाल्याने भरली, उजेडाला धरून बघितली आणि मला दाखवली. मी ती आधी नाकाशी धरली, मग बघत राहिले. बाकीचं तुझं यंत्र सांगेल.

सोबत चार बाटल्या, पाचवी तुझ्या पुलाची तू काल भरली असशीलच. वरून धुळीने माखल्या आहेत, माझा जीव वरखाली होतोय, पण एकही धुतलेली नाही.

आत्या